जुन्या पल्सरची सेल्फ मोटर: काढून, साफ करून परत कशी बसवायची

जुनी पल्सर १५० अजून रोज चालवणारे आपल्याकडे खूप आहेत. २००१ मध्ये ही गाडी आली, २००३ मध्ये तिला दोन प्लगचं डीटीएस-आय इंजिन मिळालं आणि त्या काळातल्या कितीतरी गाड्यांनी पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन संपवून पुढच्या पाच वर्षांचं पासिंगही करून घेतलंय. इंजिन चालतं, गिअर चालतात, फक्त सेल्फ रुसलेला असतो. मालक म्हणतो, "राहू दे, किक आहे ना." मग गुडघा कुरकुरायला लागतो किंवा गाडी घरातलं दुसरं कोणी वापरायला घेतं आणि सेल्फची आठवण होते.

गॅरेजमध्ये यावर मिळणारं ठरलेलं उत्तर म्हणजे "मोटर गेली, नवीन टाकू." माझं मत वेगळं आहे. या मोटरमध्ये भराभर झिजणारी वस्तू मुळात एकच, ती म्हणजे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला घासत करंट पोचवणारे छोटे ठोकळे. बाकी बिघाड धुळीचे, गंजाचे, पाण्याचे आणि सैल जोडणीचे असतात. पुष्कळदा तर दोष मोटरमध्ये नसतोच. म्हणून या लेखाचा बराच भाग पाना हातात घेण्याआधीच्या तपासणीवर आहे. ती नीट केली तर निम्म्या लोकांना मोटर काढावीच लागणार नाही.

इथे मी पल्सर डोळ्यांसमोर ठेवलीय, पण त्या काळातल्या बहुतेक १२५ ते २०० सीसी गाड्यांच्या मोटरची आतली रचना अशीच असते. बसवण्याची जागा तेवढी बदलते.

आधी ऐका

चावी लावा, किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच) चालू आहे ना ते पाहा, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला पाहिजे. क्लच दाबून धरा आणि बटण दाबा. आता कान द्या.

काहीच आवाज नाही, तर मोटरला हात लावू नका. दोष बटणात, क्लच किंवा न्यूट्रलच्या स्विचमध्ये, फ्यूजमध्ये नाहीतर रिलेच्या (बटणाच्या इशाऱ्यावर मोटरचा जाड करंट जोडणाऱ्या स्विचच्या) बारीक वायरमध्ये आहे. जुन्या गाडीत हँडलवरच्या बटणाचे पितळी टिकले हिरवे पडलेले सापडतात. पॉलिश पेपरचा एक हलका हात आणि काम संपतं.

टकटकटकटक असा भरभर आवाज येत असेल तर बॅटरी उतरलीय किंवा तिचे टर्मिनल सैल आहेत. एकदाच ठसठशीत "टक" होऊन पुढे शांतता असेल, तर रिले ओढतोय पण करंट मोटरपर्यंत पोचत नाही किंवा पोचूनही मोटर तो घेत नाही. इथे मोटरवर संशय घ्यायला जागा आहे. इंजिन अगदी जड होऊन, कण्हत फिरत असेल तरी मोटर संशयितांच्या यादीत येते, पण बॅटरी आणि अर्थिंगनंतर (अर्थिंग म्हणजे चॅसीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परतण्याची वाट).

आणि एक आवाज असा, की मोटर आत जोरात घूंऽऽ करून फिरते पण इंजिन जागचं हलत नाही. अशा वेळी मोटर निर्दोष आहे. मॅग्नेटच्या (इंजिनसोबत फिरून वीज बनवणाऱ्या चुंबकी चाकाच्या) मागचा एकेरी क्लच, म्हणजे एकाच दिशेने पकडणारा सेल्फचा क्लच, घसरतोय. त्यासाठी डावीकडचं कव्हर उघडावं लागतं, मॅग्नेट ओढायला पुलर लागतो. ते काम वेगळं. या आवाजावर नवीन मोटर विकत घेणारे लोक आहेत, त्यांचे पैसे वाया जातात.

बॅटरी कशी आहे हे हेडलाइटवरून ठरवू नका. जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटच्या करंटवर चालतो, त्याला बॅटरीशी देणंघेणं नसतं. हॉर्न आणि इंडिकेटर खरं सांगतात.

मीटरचा खरा उपयोग

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्जिंगला लावा आणि मग बाकीचं बोलू.

आता मीटर बॅटरीवरच ठेवून दुसऱ्या कोणाला तरी बटण दाबायला सांगा. आकडा किती खाली जातो हे बघायचंय. इंजिन नीट फिरत असताना बॅटरी साधारण १० ते ११ व्होल्टवर टिकते. साडेनऊच्या खाली गेली आणि मोटरही मंद झाली, तर बॅटरी म्हातारी आहे की मोटर जास्त करंट ओढतेय हे ठरवायला एखाद्या चालू गाडीची चांगली बॅटरी लावून बघा. चांगल्या बॅटरीचाही आकडा आठ-नऊवर कोसळत असेल तर मोटर अडकतेय किंवा आत शॉर्ट आहे.

याच्या उलट प्रकार जास्त बोलका असतो. रिलेचा "टक" ऐकू येतो, मोटर फिरत नाही आणि आकडा मात्र १२.३ वरून जेमतेम १२.२ होतो. याचा अर्थ करंट वाहतच नाहीये. कुठेतरी वाट तुटलीय. एक तर रिलेच्या आतले टिकले जळलेत, नाहीतर जाड केबलची जोडणी गेलीय, नाहीतर कार्बन इतके झिजलेत की कॉम्युटेटरला, म्हणजे ते ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोलाला, टेकतच नाहीत.

यांतलं कोणतं, ते शोधायला दोन मोजमापं पुरतात. मीटरची लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी सुई मोटरच्या टर्मिनलवर, आणि बटण दाबा. मोटर फिरत असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा रिले व्होल्टेज खातोय. जवळजवळ पूर्ण बारा व्होल्ट दिसले तर त्या बाजूची वाट पूर्ण तुटलेली आहे. मग एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी मोटरच्या उघड्या धातूवर. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून जास्त म्हणजे अर्थिंग खराब. जुन्या गाडीत चॅसीला जिथे निगेटिव्ह केबल बसते तिथे रंग, चिखल आणि गंज यांचा थर असतो. बोल्ट काढून दोन्ही पृष्ठभाग चकचकीत घासा आणि परत घट्ट करा. कोकणात, गोव्यात समुद्राच्या हवेत राहिलेल्या गाडीचं हे पहिलं काम समजा.

दोन्ही बाजू स्वच्छ, मोटरच्या टर्मिनलवर पूर्ण व्होल्टेज पोचतंय, तरी ती गप्प आहे. मग मात्र मोटर काढायची.

एक गॅरेजी युक्ती सगळ्यांना माहीत असते: बटण दाबून धरायचं आणि मोटरवर ठोकायचं. ठोकल्यावर फिरली तर कार्बन संपलेत हे निदान बरोबर आहे. पण स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हळूच टकटक करा, हातोडीने नाही. आतले चुंबक फेराइटचे असतात आणि खोळीला चिकटवलेले असतात. एका फटक्यात तडा जातो आणि मग खरोखर नवीन मोटर घ्यावी लागते.

मोटर काढणे

इंजिन थंड हवं. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर, पेट्रोलचा कॉक बंद, चावी काढलेली. मोटर सापडायला सोपी आहे: रिलेपासून निघणारी जाड केबल धरून पुढे जा, ती जिथे संपते ती मोटर. पल्सरवर ती सिलिंडरच्या मागे, कार्ब्युरेटरच्या खाली, क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या खोक्याच्या) माथ्यावर आडवी झोपलेली दिसेल. काही दुसऱ्या गाड्यांवर ती सिलिंडरच्या पुढे असते.

सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. क्रम महत्त्वाचा आहे. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना चॅसीला टेकला, तर बॅटरीचा सगळा करंट त्या पान्यातून जातो. निगेटिव्ह सुटली असेल तर पाना चॅसीला टेकला तरी काही होत नाही.

मग मोटरभोवतीची जागा धुवा. हे काम सगळे टाळतात. पण मोटरचं नाक इंजिनच्या आत गेलेलं असतं. ती बाहेर आली की तिथे पावली मावेल एवढं भोक उघडं पडतं आणि वर्षानुवर्षांचा तेलकट चिखल त्याच्या कडेलाच साचलेला असतो. जुना रंगाचा ब्रश आणि थोडं रॉकेल घ्या, खरवडा, फडक्याने पुसा, वाळू द्या. रॉकेल वापरताना जवळ बिडी-सिगारेट नको, एवढं सांगणे न लगे.

कार्ब्युरेटर आड येत असेल तर त्याच्या मागच्या-पुढच्या पट्ट्या सैल करून तो जरासा वळवता येतो. ओढाताण होत असेल तर सरळ काढून ठेवा आणि इंजिनकडच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. काढण्याआधी सगळ्या नळ्यांचा मोबाइलवर फोटो घ्या.

आता मोटरच्या टर्मिनलवरचं रबरी टोपण मागे सरकवा. खाली नट दिसेल, आणि त्याच्याही खाली मोटरला चिकटून आणखी एक नट. वरचा नट सोडताना खालचा दुसऱ्या पान्याने घट्ट धरून ठेवा. हे केलं नाही आणि गंजलेला नट जोरात फिरवला, तर पूर्ण टर्मिनल बोल्ट फिरतो. आत त्याला पॉझिटिव्ह कार्बनची वेणीदार तार जोडलेली असते, ती पिळवटते, आणि भोवतीची प्लॅस्टिकची इन्सुलेशन वॉशर फुटते. चांगल्या मोटरी अशा मरतात.

मोटर धरून ठेवणारे बोल्ट दोन. डोकं बहुतेक ८ किंवा १० चं असतं. टी-पाना नाहीतर लांब एक्स्टेन्शनचा सॉकेट सोयीचा. उघड्या पान्याने डोकी गोल होतात. काही गाड्यांत अर्थची केबल यातल्याच एका बोल्टखाली बसते. तशी असेल तर कोणत्या बोल्टखाली होती ते लक्षात ठेवा. हे पोलादी बोल्ट अॅल्युमिनियममध्ये बसलेले असतात, त्यामुळे अडकले तर जोर करू नका. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर थांबा, मग आधी किंचित घट्ट करून बघा आणि मग सोडा. तुटलेला बोल्ट क्रँककेसमधून काढण्याचा खर्च मोटरच्या वर जाऊ शकतो.

बोल्ट निघाले तरी मोटर लगेच येत नाही. नाकावरची ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, सुकून चिकटलेली असते. मोटर हाताने डावी-उजवीकडे थोडी थोडी वळवत, गिअर ज्या बाजूला आहे त्याच्या उलट दिशेला ओढा. लाकडी ठोकळ्याने हळूच मारलं तर चालेल. स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका. तिथे ओरखडा पडला की तेल पाझरत राहतं. मोटर बाहेर येताना थोडं तेल ओघळेल, खाली फडकं ठेवा. आणि भोकात लगेच दुसरं स्वच्छ फडकं.

उघडण्याआधी एकदा टेबलावर फिरवा

हे पाच मिनिटांचं काम पुढची डोकेदुखी वाचवतं. मोटर पायाखाली किंवा फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये हलकेच धरा. सुरू होताना ती झटका देऊन उडी मारते. जंपर केबलने बॅटरीचा निगेटिव्ह मोटरच्या धातूला जोडा आणि पॉझिटिव्ह क्षणभर टर्मिनलला टेकवा. ठिणगी पडेल, म्हणून पेट्रोल-रॉकेलचे डबे लांब. बारीक वायर वापरू नका, तापून हात भाजतो. दोन-तीन सेकंद पुरे.

फिरली तर कोणत्या दिशेने फिरली ते बघा आणि मार्करने खोळीवर बाण काढा. हा बाण नंतर उपयोगी पडणार आहे.

उघडणे

मोटरचे तीन भाग दिसतात: गिअरकडचं झाकण, मधली नळकांड्यासारखी खोळ आणि मागचं झाकण. तिन्हींवरून जाणारी एक रेघ टोकदार खिळ्याने ओरखडून घ्या. मार्करची रेघ साफसफाईत पुसली जाते. काही खोळींवर कंपनीनेच खाचा दिलेल्या असतात, तरी आपली रेघ आपल्याला लगेच दिसते.

रेघेचं एवढं कौतुक का? खोळीच्या आत चुंबक चिकटवलेले आहेत. दोन चुंबकांच्या मोटरमध्ये खोळ अर्धा फेरा फिरून बसली तर उत्तर-दक्षिण ध्रुवांची अदलाबदल होते आणि मोटर उलटी फिरायला लागते. उलट्या दिशेने एकेरी क्लच पकडत नाही. मग आवाज येतो तो मोटर घूंऽऽ आणि इंजिन जागच्या जागी. लोकांना वाटतं सेल्फचा क्लच गेला आणि मॅग्नेट उघडलं जातं. कारण असतं एक न काढलेली रेघ.

आरपार जाणारे दोन लांब स्क्रू असतात, डोकी मऊ. योग्य मापाचा, टोक न झिजलेला स्क्रू ड्रायव्हर पूर्ण दाबून फिरवा. हलत नसतील तर इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, पण मोटर लाकडावर टेकवून आणि हातोडीचा हलका ठोका देऊन.

आधी गिअरकडचं झाकण काढा. इथे घाई नको. झाकणासोबत पातळ वॉशर येतात, कधी एक, कधी तीन, कधी एखादी दातेरी. काही झाकणाच्या आत ग्रीसला चिकटून राहतात. निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा आणि तारेच्या एका टोकाला गाठ मारून "गिअर बाजू" अशी चिठ्ठी लावा. मागच्या बाजूच्या वॉशरसाठी दुसरी तार. हे वॉशर आर्मेचर, म्हणजे मोटरच्या आतला फिरणारा भाग, पुढे-मागे किती सरकेल ते ठरवतात. एखादी राहिली किंवा बाजू बदलली तर आर्मेचर अडकतं किंवा कार्बन कॉम्युटेटरच्या कडेवरून घसरतात.

मग खोळ ओढा. चुंबक आर्मेचरला सोडत नाही, अचानक सुटतं किंवा परत खेचलं जातं, तेव्हा बोटं आत ठेवू नका. शेवटी मागचं झाकण. ते निघताना कार्बनच्या स्प्रिंग उडतात, त्यावर हात धरा.

आत काळी पूड असेल. ही कार्बनची आणि तांब्याची भुकटी. तोंडाने फुंकून उडवू नका, ती नाकात जाते. ब्रशने झटका, मास्क लावा. याच भुकटीने कधी कधी टर्मिनल आणि झाकण यांच्यात करंटची चोरवाट तयार होते, म्हणून नुसत्या साफसफाईने बऱ्या झालेल्या मोटरीही असतात.

काय बघायचं

कार्बनपासून सुरुवात. नवीन सेटच्या शेजारी जुना धरा. निम्म्याच्या आसपास झिजला असेल तर बदला. नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. मापापेक्षाही महत्त्वाची खूण म्हणजे वेणीदार तार. ती होल्डरच्या खाचेच्या तळाला टेकत असेल तर स्प्रिंग कितीही दाबो, कार्बन पुढे सरकू शकत नाही. ठोकल्यावर फिरणारी मोटर म्हणजे नेमकी ही अवस्था. होल्डरमध्ये कार्बन सहज वर-खाली झाला पाहिजे, अडकत असेल तर होल्डर साफ करा. स्प्रिंग निळसर पडली असेल तर ती तापलीय, तिचा जोर गेला.

कार्बनला तेल लागलं असेल तर तो धुण्यात अर्थ नाही. तेल आत शोषलं जातं आणि चार दिवसांनी पुन्हा बाहेर येतं. नवीन घाला आणि गिअरकडचं ऑइल सीलही बदला, कारण तेल तिथूनच आलंय.

आता आर्मेचर. त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल असतो, तोच कॉम्युटेटर. चॉकलेटी रंगाचा गुळगुळीत पृष्ठभाग निरोगी समजा, त्याला चकाकी आणायची गरज नाही. काळा आणि खडबडीत असेल तर पॉलिश पेपरची पट्टी कापून घ्या, आधी ४००, मग ६०० नंबर. पट्टी कॉम्युटेटरभोवती गुंडाळा आणि आर्मेचर फिरवा, म्हणजे सगळीकडून सारखं घासलं जातं. एका जागी बोट दाबून घासलं तर तिथे सपाट खड्डा पडतो. एमरी कापड वापरू नका. त्याचे कण कठीण असतात, फटीत आणि कार्बनमध्ये रुततात आणि नंतर तांबं कुरतडत राहतात.

पट्ट्यांच्या मधल्या फटी हे खरं बारीक काम. तिथे इन्सुलेशन तांब्याच्या पातळीपेक्षा खाली असायला हवं, साधारण अर्धा मिमी. वर्षांच्या झिजेने तांबं खाली येतं आणि इन्सुलेशन वर डोकावतं, मग कार्बन त्यावरून उड्या मारतो. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा ग्राइंडरवर फटीच्या जाडीएवढा घासून घ्या आणि एकेक फट हलक्या हाताने कोरा. भिंग असेल तर उत्तम. शेवटी सुईने फटीतली तांब्याची कुसळं काढा. एक कुसळ दोन पट्ट्या जोडायला पुरतं. खोल चरा पडलेला कॉम्युटेटर मात्र लेथवर द्यावा लागतो.

शेजारशेजारच्या दोनच पट्ट्या जळून काळ्या आणि बाकी सगळ्या ठीक दिसत असतील, तर त्यांना जोडलेलं वायंडिंग, म्हणजे तारेचे वेढे, तुटल्याची शंका घ्या. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत, असं गोल फिरत जा. प्रत्येक जोडीला बीप आली पाहिजे. मग एक सुई पट्टीवर आणि दुसरी आर्मेचरच्या शाफ्टवर: इथे अजिबात बीप नको. आली तर वायंडिंग लोखंडाला टेकलंय. आतल्या आत शॉर्ट झालेले वेढे घरच्या मीटरला दिसत नाहीत. ते बघायला वायंडिंगवाल्याकडे ग्राउलर नावाचं यंत्र असतं. शंका असेल तर आर्मेचर घेऊन जा, बहुतेक जण बघून देतात.

मागच्या झाकणावर दोन मोजमापं. निगेटिव्ह कार्बन आणि झाकण यांच्यात बीप हवी. पॉझिटिव्ह कार्बन आणि झाकण यांच्यात नको. दुसऱ्या ठिकाणी बीप आली तर टर्मिनलची इन्सुलेशन वॉशर फुटलीय किंवा भुकटी साचलीय.

खोळीत चुंबक हलतोय का, तडा आहे का, बोटाने चाचपा. चुंबकावर आर्मेचर घासल्याच्या चमकदार रेघा दिसल्या तर मागचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) झिजलंय. बेअरिंग बोटाने फिरवा. खरखर करत असेल तर बदला, त्यावरचा नंबर दाखवला की बेअरिंगच्या दुकानात मिळतं.

साफसफाईला इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनर वापरा. आर्मेचर रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये बुडवून ठेवू नका, वायंडिंगवरचं वॉर्निश मऊ होतं.

कार्बन बदलणे

जुना सेट खिशात घालून दुकानात जा. पुण्यात नाना पेठ, नाहीतर आपल्या गावातला ऑटो इलेक्ट्रिकलवाला. होल्डर प्लेटसकट पूर्ण सेट मिळाला तर तोच घ्या, काम सोपं होतं. दुसऱ्या यंत्राचा कार्बन घासून मापात बसवून देणारे कारागीर भेटतात. मिक्सरच्या नाहीतर ड्रिलच्या कार्बनची जात वेगळी असते, तो जास्त व्होल्टेज आणि कमी करंटसाठी केलेला असतो. बारा व्होल्टच्या या मोटरला तांबं मिसळलेला कार्बन लागतो. मिक्सरचा घातला तर मोटर फिरेल, पण अशक्तासारखी.

काही मोटरींत कार्बन स्क्रूने बसतात, काहींत डाग देऊन. डाग द्यायचा असेल तर मोठ्या वॅटचा सोल्डरिंग आयर्न घ्या आणि पटकन आटपा. मोबाइल दुरुस्तीचा छोटा आयर्न तापायला वेळ घेतो, तोवर कथील वेणीत वर चढत जातं आणि मऊ तार काडीसारखी ताठ होते. ताठ तारेमुळे कार्बन होल्डरमध्ये अडकतो. कार्बनच्या जवळ तार चिमट्याने धरली तर चिमटा उष्णता घेतो आणि कथील तिथेच थांबतं.

नवीन कार्बनचं तोंड सपाट असेल आणि कॉम्युटेटर गोल, तर कॉम्युटेटरवर ६०० चा पेपर खरखरीत बाजू वर ठेवून गुंडाळा, त्यावर कार्बन टेकवून आर्मेचर थोडं फिरवा. तोंडाला गोलाई येते. पूड झटकून टाका.

जुळवणी

टर्मिनल बोल्टवरचा क्रम काढताना होता तसाच: आतून इन्सुलेटर, झाकण, ओ-रिंग, बाहेरची इन्सुलेशन वॉशर, मग धातूची वॉशर आणि नट. जुळल्यावर लगेच पॉझिटिव्ह कार्बन ते झाकण हे मोजमाप पुन्हा घ्या. सगळी मोटर बंद केल्यावर चूक कळण्यापेक्षा आत्ता कळलेली बरी.

मागच्या बुशमध्ये उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा ठिपका, काडीच्या टोकाएवढा. जास्त घातलं तर ते उडून कॉम्युटेटरवर जातं.

आर्मेचर मागच्या झाकणात घालताना कार्बन आड येतात, कारण स्प्रिंग त्यांना पुढे ढकलते. कार्बन मागे सरकवून स्प्रिंगचं टोक त्यांच्या कुशीला टेकवून ठेवा, म्हणजे ते तिथेच थांबतात. आर्मेचर जागेवर गेलं की सुईने स्प्रिंग परत पाठीवर बसवा. होल्डरची रचना वेगळी असेल तर पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकची अरुंद पट्टी कापून कार्बन आणि कॉम्युटेटरच्या मध्ये धरा आणि शेवटी ओढून घ्या.

तारेतले वॉशर क्रमाने परत घाला. दोन्ही झाकणांच्या ओ-रिंग नवीन. खोळ सरकवताना चुंबक ती खेचून घेतं, आर्मेचर घट्ट धरून ठेवा, नाहीतर कार्बन पुन्हा निसटतात. रेघा जुळवा, लांब स्क्रू आळीपाळीने घट्ट करा. शाफ्ट हाताने फिरवून पाहा: चुंबकाचे हलके अडथळे लागतील, पण कुठेही घासल्याचा आवाज नको. मग बॅटरीवर पुन्हा दोन सेकंद. काढून ठेवलेल्या बाणाच्या दिशेने फिरली पाहिजे.

परत गाडीवर

भोकातलं फडकं काढा. काढायचं राहिलं तर काय होईल, याची कल्पना करू नका. नाकावरच्या नवीन ओ-रिंगला इंजिन ऑइल चोळा आणि मोटर हाताने दाबून आत घाला. शेवटचे काही मिमी राहिले म्हणून बोल्टने खेचून बसवू नका. दात दातात बसले नसतील तर शाफ्ट जरा वळवा, आपसूक आत जाते. मोटर पूर्ण टेकल्यावरच बोल्ट लावा. अॅल्युमिनियममधले ६ मिमीचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला पुरेसे घट्ट होतात. छोट्या पान्याने मनगटाच्या जोरावर घट्ट करा, पान्याला नळी लावून नाही.

अर्थची केबल, मग टर्मिनलची केबल, पुन्हा खालचा नट धरूनच. घट्ट झाल्यावर वरून थोडी पेट्रोलियम जेली लावा आणि रबरी टोपण नीट बसवा. ते फाटलं असेल तर बदला. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी नेमकं तिथेच मारतात, आणि पावसाळ्यात मागच्या चाकाचा चिखल उडून तिथेच येतो.

बॅटरीला आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. कार्ब्युरेटरच्या पट्ट्या घट्ट आहेत ना, हवेची गळती नाही ना, ते पाहा. मग न्यूट्रल, क्लच आणि बटण. मीटर बॅटरीवर लावून आकडा पुन्हा लिहून घ्या. सुरुवातीच्या आकड्याशी ताडून काय सुधारलं ते कळेल. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ बटण दाबू नका, आणि दोन प्रयत्नांमध्ये दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. इतक्या करंटने मोटर आतून झपाट्याने तापते.

गाडी दहा मिनिटं चालवून आणा, थंड झाल्यावर ऑइलची पातळी बघा आणि कमी झालेलं भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरच्या नाकाशी टॉर्च मारून पाहा. तेलाचा ओघळ दिसला तर ओ-रिंग पिळली गेलीय किंवा माप चुकलंय. तेवढ्यासाठी मोटर पुन्हा काढावी लागेल, पण उघडावी लागणार नाही.